दहावा बोल्ट

पटलं तर ठेवा, नाही पटलं तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द माझ्या पदरचा नाही.

रात्रही नव्हती. भर दुपार होती. गॅरेज घराला लागूनच. मधे फक्त स्वयंपाकघराची भिंत.

गॅरेज माझ्या जावयाचं. त्याआधी त्याच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या व्याह्यांचं. ते जाऊन वर्ष होत आलं होतं. सगळे त्यांना 'ठिपकेवाले' म्हणायचे. बोल्ट पुरता आवळून झाला की त्याच्या डोक्यावर ते पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचे. एक जरी ठिपका कमी असला, तरी गाडी बाहेर सोडायचे नाहीत.

लेक दुसऱ्या दिवशी नव्या नोकरीवर रुजू व्हायला निघणार होती. घाट उतरून, स्वतः गाडी चालवत. सोबत माझी नात, भिंगरी. आणि त्याच गाडीचं इंजिन उघडून पडलेलं.

मी मदतीला गेलो, असं घरात सांगितलं. खरं तर लक्ष ठेवायला गेलो होतो. जावई घाईत जुनंच सामान परत लावतो, असा मला संशय होता.

मी आयुष्यभर मुलांना इंजिनाचं काम शिकवलं. त्यांना सांगायचो तेच तुम्हाला सांगतो. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. या गाडीत ते दहा बोल्टवर बसतं. आवळताना हे बोल्ट किंचित ताणले जातात. एकदा ताणला तो कामातून गेला. तोच परत लावला तर झाकणाची पकड सुटते, आणि इंजिन नेमकं घाटात मान टाकतं.

"जुने घालू नका हं, जावईबापू."

"मामा, नवं पाकीट तुमच्याच मांडीवर आहे. तुम्हीच द्या एकेक. पेपर तपासल्यासारखे नुसते बघत काय बसलात?"

मीच दिले. एकेक, पुसून. त्याने मधून सुरुवात केली. एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, असं बाहेर बाहेर. डब्याचं झाकण एकाच कोपऱ्यावर दाबलं की दुसरा कोपरा उचलतो, म्हणून. ठरलेला जोर आला की टॉर्क पाना टक् करतो. दहाही बोल्ट झाले. जुने दहा मी मोजून डब्यात टाकले.

शटर ओढलं. किल्ली जावयाच्या खिशात. आम्ही जेवायला बसलो. लेक वाढत होती. भिंगरी माझ्या मांडीवर.

घरात आम्ही चौघंच.

आणि भिंतीपलीकडून आवाज आला...

टक्.

जावयाचा घास हातातच राहिला.

मग चप्पल फरफटली. कोणीतरी गाडीच्या या बाजूने त्या बाजूला गेलं. व्याही असेच एक पाय ओढत चालायचे.

टक्.

"कोण आहे तिकडे?" लेक दबक्या आवाजात म्हणाली.

मी मनात मोजत होतो. मास्तरची खोड. एकेक करत नऊ टक् झाले. चप्पल पुन्हा थोडी फरफटली... आणि थांबली.

दहावा आवाज आलाच नाही.

आम्ही धावलो. शटरचं कुलूप जसंच्या तसं. आत कोणी नव्हतं. पाना खुंटीवर.

फक्त रंगाचा वास होता.

नऊ बोल्टवर पिवळे ठिपके. ओले.

कोपऱ्यातला दहावा कोरा.

फळीवरचा व्याह्यांचा रंगाचा डबा मी स्क्रूड्रायव्हरने उचकटला. आतला रंग केव्हाच वाळून तडकला होता.

"सासऱ्याची थट्टा करताय, जावईबापू?"

"मी? मी तुमच्यासमोर जेवत होतो! दुसरी किल्ली कोणाकडे असते, मामा?"

माझ्याकडेच असते. आम्ही एकमेकांकडे चोरासारखे पाहत राहिलो.

मग मी तो कोरा बोल्ट काढायला लावला.

तो जुना निघाला. ताणलेला, आट्यांजवळ बारीक झालेला. मी जुन्या बोल्टांचा डबा उपडा केला. जुने दहाच्या दहा तिथेच होते. हा अकरावा. त्याच्या आट्यांत वाळलेला पिवळा रंग भरलेला... आणि मी माझ्या हाताने दिलेला नवा बोल्ट कुठेच नव्हता.

संध्याकाळी दुकानातून दुसरा आणला. माझ्या डोळ्यांदेखत बसवला. बाकी इंजिनही जोडून झालं. हेडवरचं कव्हर मात्र लावलं नाही. दोघंही ठिपक्याची वाट पाहत होतो.

ठिपका आला नाही.

"बाबांनी आपल्याला सावध केलं, मामा," जावई म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

मी मान डोलावली. पण मनात पाल चुकचुकत होती. ठिपका अडवून धरणारे व्याही, हे मान्य. मग बंद गॅरेजात तो अकरावा घालणारा कोण? दोघं वेगळे असतील... की एकच?

सकाळी बॅगा अंगणात आल्या. लेकीच्या हातात गाडीची किल्ली.

"बाबा, एका ठिपक्यापायी नोकरीचा पहिला दिवस बुडवू का मी?"

मी तोंड उघडलं, आणि बंद शटरच्या आतून...

टक्.

एकच.

जावयाचा चेहरा उजळला. भिंगरी पायरीवर बसून बूट चढवायला लागली.

"दहावा झाला, आजोबा. चला."

दहाव्याबद्दल तिच्याशी कोणी बोललं नव्हतं. आणि तिला पाचाच्या पुढे मोजता येत नव्हतं. मीच शिकवत होतो तिला.

मी लेकीच्या हातातली किल्ली काढून घेतली. ती चिडली, रडली, शेवटी भिंगरीला घेऊन एसटीने गेली. जावई महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

गाडी अजून तिथेच आहे, ताडपत्रीखाली. दहाव्यावर ठिपका आहे की नाही, ते मी पाहिलेलं नाही. असला, तरी तो कशाची खूण समजायचा?

भिंगरीला आता मी फोनवर आकडे शिकवतो. नऊपर्यंत ती न अडखळता म्हणते.

मग गप्प होते... कान देऊन ऐकत असल्यासारखी.