रागाआधीचं इन्सुलिन

चांद्रतळावर माणसं तीनच होती आणि त्यांतली दोन एकमेकांचं तोंड पाहायला राजी नव्हती. तळप्रमुख इरावती सामंत जेवायला बसली, की भूशास्त्रज्ञ विश्राम देवस्थळी आपलं ताट उचलून यंत्रघरात जाई. तो आधीच बसलेला असला, तर ती दारातूनच मागे फिरे. कामापुरतं बोलणं होई, तेही इस्त्री केल्यासारखं कडक. एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणतानाही दोघांचे दात आवळलेले असत.

वैर लडाखच्या सराव-तळावरचं होतं. तिथे प्राणवायूची एक झडप उघडी राहिली, भडका उडाला आणि एका तंत्रज्ञाचा हात गेला. चौकशीत विश्रामने साक्ष दिली, की झडप इरावतीच्या ताब्यात होती. तिची साखर उतरली होती आणि तिला भान नव्हतं, असंही त्याने सांगितलं. इरावतीला पंचविशीपासून मधुमेह होता. समितीला तेवढं पुरलं. प्रमुखपद गेलं ते परत मिळवायला तिने वर्षानुवर्षं मोजून खाल्लं, व्यायाम चुकवला नाही, झोपेची वेळ मोडली नाही आणि शेवटी एक प्रायोगिक यंत्रही पोटात बसवून घेतलं. त्याचं नाव पूर्ववेधी स्वादुपिंड.

तळावरची तिसरी व्यक्ती, डॉक्टर शमीम मुजावर, ते यंत्र बनवणाऱ्यांपैकीच होती. एकदा तिने इरावतीला बोलावून साखरेचे आलेख दाखवले.

“साधा पंप साखर चढल्यावर इन्सुलिन देतो. म्हणजे चोर निसटल्यावर धावतो,” शमीम म्हणाली. “तुमचं यंत्र मेंदूकडून पोटाकडे येणाऱ्या चेतातंतूवर कान ठेवून असतं. भाकरीचा वास आला, की आता साखर चढणार हे ते ओळखतं आणि आधीच इन्सुलिन सोडतं.”

“मग बिघडलं कुठे?”

“बिघडलं नाही. पण रागानेही साखर चढते. यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. देवस्थळींचा आवाज कानी पडला, की तुमच्या शरीरात जी खळबळ होते ती यंत्राने पाठ केली आहे. ते बोलायला लागले, की तुम्ही चिडायच्या आधीच इन्सुलिन सुटतं.”

खाणं, व्यायाम, झोप सगळं ताब्यात आलंय, एवढा राग तेवढा सोडा, असं शमीमने परोपरीने सांगितलं. इरावतीला उलट बरंच वाटलं. म्हणजे या माणसाचा कितीही द्वेष केला तरी आता शरीराला तोशीस नव्हती. हे एक पथ्य आपल्याकडून व्हायचं नाही, असं सांगून ती उठली.

पुढे विवराच्या कडेवरचं कंपनमापक बंद पडलं. एकट्याने बाहेर जायला मनाई होती, म्हणून दोघांनाच जावं लागलं. दुरुस्ती मुकाट्याने झाली. परतीच्या वाटेवर विश्राम थांबला आणि त्याने शमीमला ऐकू जाणार नाही अशी खासगी वाहिनी लावली. तो काही सांगू लागणार एवढ्यानेच इरावतीचं अंग ताठरलं.

“झडप मी उघडी ठेवली होती,” तो म्हणाला. “तुमची साखर उतरली नव्हती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी घाबरलो आणि तुमच्यावर ढकललं. आज अवकाश मंडळाला तसं लिहून पाठवतो आहे. माफी मागायचं तोंड नाही, तरी मागतो.”

या क्षणी काय बोलायचं ते तिने कितीदा घोकून ठेवलं होतं. पण आता त्याची गरजच उरली नव्हती. छातीत आवळून धरलेलं काहीतरी सुटलं आणि तिला एकदम हलकं वाटलं. मग पाय लटपटू लागले. कपाळाला घाम फुटला. आपल्याला रडू येतंय असं तिला वाटलं, पण समोरचा तळाचा दिवा दोन-दोन दिसायला लागला तेव्हा तिने ओळखलं. साखर उतरत होती. शिरस्त्राणात पाण्याची नळी तेवढी होती. तळावर पोचेपर्यंत ग्लुकोज तोंडात जाणं शक्य नव्हतं. ती गुडघ्यांवर बसली.

विश्रामची वाहिनी खट्कन बंद झाली. मग त्याचा आवाज परत आला.

“ऊठ. नाटकं पुरे झाली तुझी.”

ते ‘तू’ तिच्या कानशिलात बसलं.

“माफी खरी वाटली तुला? मंडळानेच मागायला लावली. लडाखला मी खोटं काय बोललो? साखरेची गोणी ती, तिला प्रमुख करतात. बघ, पुन्हा भान चाललंय. सगळी नोंद होतेय. या वेळी मला साक्षही द्यावी लागणार नाही.”

ती उठली. काळीज धडधडत होतं. तो पुढे चालत तोंडाला येईल ते बोलत राहिला आणि त्याची मानगूट धरायची या एकाच इच्छेने ती त्याच्यामागे पाय ओढत राहिली. दाबकक्षाचं दार मिटलं, शिरस्त्राण निघालं आणि शमीमने ग्लुकोजची नळी तिच्या तोंडात पिळली.

इरावती सावरल्यावर शमीमने सगळं सांगितलं. आवाज ऐकून यंत्राने इन्सुलिन सोडलं, पण ज्या रागासाठी सोडलं तो आलाच नाही. सोडलेलं इन्सुलिन परत घेता येत नाही. साखर वर आणायला बाहेर राग हा एकच मार्ग होता. “त्यांनी माझी वाहिनी लावून विचारलं, तेव्हा मीच म्हटलं, यांना संतापवा.”

यंत्राची ही सवय पुसून टाक, असं इरावतीने सांगितलं. ते पृथ्वीवर गेल्याशिवाय होणार नव्हतं आणि तोवर यंत्र बंद ठेवावं, तर दुसरं इन्सुलिन तळावर नव्हतं. राग हळूहळू उतरला, तरच यंत्र आपणहून विसरणार होतं.

“माफ करायचं तर थोडं थोडं करा,” शमीम म्हणाली. “एकदम नको.”

इरावतीने विश्रामला बोलावायला सांगितलं. शमीमने साफ नकार दिला. मग इरावतीने प्रमुख म्हणून हुकूम केला, तेव्हा शमीम नवी नळी हातात घेऊन उशाशी उभी राहिली. बाहेर विश्रामचा आवाज आला, आणि यंत्राने आपलं काम केलं.

“तुम्ही दोनदा बोललात,” तो दारात येताच इरावती म्हणाली. “खरं कुठलं?”

भिंतीवरच्या पडद्यावर तिच्या साखरेचा आकडा दिसत होता. त्याच्या शेजारचा बाण खाली वळलेला होता. विश्रामने तिकडे पाहिलं, आणि मगच तिच्याकडे.

“दुसऱ्यांदा बोललो ते,” तो कडवटपणे म्हणाला. “तू त्या जागेला कधीच लायक नव्हतीस.”

पण आधी त्याने पडद्याकडे पाहिलं होतं, आणि ते तिने पाहिलं होतं. तिने जिवाच्या आकांताने राग शोधला. लडाख आठवलं, समितीची खोली आठवली, गेलेली वर्षं आठवली. राग कुठेच नव्हता.

शमीमने ग्लुकोजच्या नळीचं टोपण उघडलं.