रांगेतली शेवटची खुर्ची

यावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, पोरांनो. मी स्वतः तिथे नसतो, तर मीही ठेवला नसता.

कॉलेजात मानसशास्त्राचे एक सर होते. सगळे धडधडीत खोटं बोलत असले तर एकटा माणूस खरं बोलतो का, एवढंच त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ओळीनं सात खुर्च्या. सहांवर आम्ही, सरांनी पढवलेले खोटारडे, पहिला मी. सातवीवर पाहुणा, त्याला यातलं काही ठाऊक नसायचं. सर एक रेघ दाखवत, शेजारी आणखी तीन. तिच्याएवढी कोणती, ते सांगायचं. मी बेधडक चुकीची सांगायचो, बाकीचे माझीच री ओढायचे. पाहुणा डोळे चोळायचा आणि बहुधा आमच्यात सामील व्हायचा. माझं खोटं इतकं सफाईदार, की एकदा रेघच बिचारी आखूड झाली.

एके दिवशी पाहुणी आली. म्हणजे ही, तुमची आजी, इथे बटणं लावत बसलीय ती.

मी म्हटलं, "पहिली." पाचही जण म्हणाले, "पहिली."

तिनं पुढे वाकून एकेकाचं तोंड न्याहाळलं... आणि नजर माझ्यापाशी थांबली.

"तिसरी," ती म्हणाली. "आणि पहिल्या खुर्चीवरचे, तुम्ही जरा रेघेकडे बघून सांगा. माझ्याकडे बघून नको."

"रेघ काय, पळून जात नाही," मी म्हटलं.

"मीही बसलेलीच आहे."

माझे कान तापले. पाहुण्याशी बोलायची आम्हाला बंदी होती. ती तर मी मोडलीच. पण खरी पंचाईत पुढे होती. शेवटी सर सगळा उलगडा करणार, मग माझ्यासारख्या पढवलेल्या खोटारड्याचं ती एक अक्षर तरी खरं मानेल का? जे सांगायचं ते त्याआधीच सांगायला हवं.

सरांनी पुढची रेघ लावली. "हं, बोला पहिले."

"मला... ही मुलगी आवडते."

मग दुसऱ्या खुर्चीवरचा जाड्या सवयीनं म्हणाला, "मलाही." तिसरा म्हणाला, "मलाही." पाचव्या खुर्चीवर ग्रंथालयातल्या बाई विणत होत्या, त्यांनीही मान वर न करता म्हटलं, "मलाही." सहाव्याचंही म्हणून झालं, तसे नोंदी घेता घेता सरसुद्धा पुटपुटले, "मलाही."

आता तिची पाळी. ती लाजली, हळूच हसली... आणि म्हणाली, "मलाही तुम्ही आवडता." इतकी ताठ मुलगी, पण त्या दिवशी माझ्यासाठी एकदाच रांगेबरोबर गेली—

"काहीतरी सांगू नका पोरांना," आजी दोरा तोडत म्हणाली. "मी तोंडावर 'नाही' म्हटलं होतं. 'हो' म्हटलं ते नंतर, जिन्यात. तिथे दुसरं कुणी नव्हतं."