लदेणीची घंटामाळ

ओमप्रकाश सरांनी लाल कापड उचललं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खाली घंटामाळ नव्हती. शाळेतली कचऱ्याची पत्र्याची बादली टेबलावर पालथी घातलेली होती.

"काल इथंच होती, मॅडम," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

शिला मॅडम हिंगोलीहून पहाटेच्या एसटीनं आल्या होत्या. शिक्षण खात्यातल्या विस्तार अधिकारी. वय पन्नाशीकडे झुकलेलं, स्वभाव तिखट. उद्घाटनाच्या खुर्चीवर बसून हार घालून घ्यायला आलेल्या बाईंसमोर कचऱ्याची बादली आली, तर दुसरं कुणी भडकलं असतं. मॅडमनी पदर खोचला आणि दाराला आतून कडी घातली.

जिल्हा नवा होऊन चारेक वर्षं झाली होती. सेनगाव तालुक्यातल्या काही हायस्कुलांनी यंदा 'आपला वारसा' नावाचा उपक्रम काढायचा ठरवला होता. गावागावांतल्या जुन्या वस्तू मुलांनी जमवायच्या, त्यांच्या कहाण्या सांगायच्या, पाहायला येणाऱ्यांनी तिकीट घ्यायचं. साखरवाडीच्या हायस्कुलात त्याची सुरुवात अकरा वाजता व्हायची होती. जमेल त्या निधीतून डोंगरापलीकडच्या तांड्यावरच्या मुलींसाठी शाळेची जीप लावायची होती. वाट जंगलातली. सातवी झाली की तिथल्या पोरी घरी बसायच्या. तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, धर्मसिंग यांची नात दिपा तेवढी दहावीपर्यंत पोचली होती.

घंटामाळ धर्मसिंगांचीच. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. त्या लदेणीत सर्वांत पुढे चालणाऱ्या बैलाच्या गळ्यात ही माळ असे. रुंद सुती पट्टा, त्यावर कवड्या, मधे मोठी पितळी घंटा आणि दोन्ही बाजूंना घुंगरं. नुसती उचलली तरी खणखणायची.

"खोलीला कुलूप कुणी लावलं?" मॅडमनी विचारलं.

"सोनाजीनं. सांजच्याला, सहाच्या सुमारास."

सोनाजी शिपाई. तो दाराशीच उभा होता. "मी कापड उचललं न्हाई, मॅडम. खाली फुगीर दिसलं. म्हटलं, हाय बराबर."

"आणि हे?"

मागच्या खिडकीशेजारी पांढऱ्याशुभ्र भिंतीवर लाल पंजा उमटला होता. पाचही बोटं स्पष्ट, टोकं खिडकीकडे वळलेली. खिडकीला गज नव्हते.

"कुंकवाचा हाय, मॅडम," सोनाजी पुटपुटला. "भानामती. गावात बोलून राहिले लोक."

"गावाला कुणी सांगितलं?"

सोनाजीनं मान खाली घातली. मॅडमनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा आणखी आकसला.

"ही भिंत कधी रंगवली?"

"काल," ओमप्रकाश सर म्हणाले. "ओल आली होती म्हणून चुना मारून घेतला. चारला रंगारी गेला. मग मी अन् दिपानं मांडणी बदलली. आधी संस्थेच्या सचिवांच्या आजोबांची तलवार मधल्या टेबलावर होती. ती कोपऱ्यात नेली, घंटामाळ मधे आणली. उद्घाटन नायकांच्या हातून आहे ना. लगेच कापड टाकलं. मग पोरांना घेऊन मैदानावर गाण्याच्या तालमीला गेलो."

"खोली उघडीच?"

"व्हय," सर म्हणाले. "पूजेचं ताट बी इथंच होतं."

सरस्वतीच्या तसबिरीसमोर ताट होतं. हळदीच्या वाटीत बोटं बुडवल्याच्या खुणा होत्या. कुंकवाची डबी मात्र अजून कागदात गुंडाळलेली. मॅडमनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली. खिडकीतून वाकून बघितलं. बरोबर खाली, बाहेरच्या बाजूला, रंगाऱ्याचा चुन्याचा ड्रम उभा होता. मॅडमनी खोलीला स्वतःजवळचं कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली.

बाहेर गलका वाढला होता. तांड्यावरची माणसं येऊन पोचली होती. पुढे धर्मसिंग, पांढरा फेटा, हातात काठी. त्यांच्या मागे दिपा. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, पण ती रडत नव्हती.

"मॅडम," धर्मसिंग शांतपणे म्हणाले, "माळ माझ्या बापजाद्यांची. या पोरीनं हट्ट धरला म्हनून दिली. तांडा न्हाई म्हणत होता, मीच समद्यांना गप केलं. आता कोनत्या तोंडानं परत जाऊ? अकराला माळ माझ्या म्होरं न्हाई आली, तर आमच्या पोरी आजपासून या शाळेत येनार न्हाईत. ही बी न्हाई."

दिपानं आजोबांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही, पण शब्दही मागे घेतला नाही. नायकाचा शब्द भर माणसांत बाहेर पडला होता. नऊ वाजून गेले होते.

"चोर तुमच्याच घरात आहे, नायक," मागून आवाज आला. शाळेच्या संस्थेचे सचिव विश्वंभरराव गर्दीतून वाट काढत आले. कडक इस्त्रीचा सदरा, उजव्या हाताला रुमाल गुंडाळलेला. "तुमचा पुतण्या प्रेमदास चारचौघांत म्हणाला होता, माळ तांड्याबाहेर जाऊ देणार नाही. काल रात्री तो कुठं होता, विचारा."

सगळ्यांच्या नजरा प्रेमदासकडे वळल्या. तिशीचा गडी. तो एकदम उसळला, दोघांनी धरून ठेवला.

मॅडमनी एकेकाला ऑफिसात बोलावलं. आधी प्रेमदास.

"माळ द्यायला तुझा विरोध होता?"

"व्हता. अजून हाय. आमची चीज लोकांनी तिकीट काढून काहून बघायची?"

"काल दुपारी कुठं होतास?"

"काकासंगं गोरेगावच्या बाजारात. आजच्या जेवनाचा किराना घेतला. दिवे लागल्यावर तांड्यावर पोचलो."

"आणि रात्री?"

त्यानं मान फिरवली. मग म्हणाला, "शेतावर एकलाच झोपलो व्हतो. कोनी बघितलं न्हाई. आता तुमी काय समजायचं ते समजा."

मग विश्वंभरराव आले. खुर्ची ओढून ऐसपैस बसले.

"काल तुम्ही शाळेत कधीपर्यंत होता?"

"दुपारपर्यंत. रंगारी आला तवा मी निघालो. कामं काय थोडी असतात? सांजच्याला जीप काढली अन् कळमनुरीला मेव्हण्याकडं गेलो. रातभर कीर्तन होतं. पन्नास मानसं सांगतील."

"हाताला काय झालं?"

"जीपच्या दारात बोटं चेमटली."

"प्रदर्शनाबद्दल तुमचं मत काय?"

"मत कोन विचारतं?" विश्वंभररावांचा आवाज चढला. "जागा आमच्या संस्थेची. माझ्या आज्याची निजामाच्या वक्ताची तलवार कोपऱ्यात, अन् बैलाच्या गळ्यातली घंटा मधोमध! तरी आमी तोंड उघडलं का? न्हाई."

"बरोबर. तोंड नाही उघडलं," मॅडम म्हणाल्या. "रंगाऱ्याचा तो ड्रम कुणाचा?"

"माझ्या मळ्यातला. आज गडी येऊन घेऊन जाईल. त्याचा इथं काय संबंध?"

मॅडम उठल्या आणि त्यांनी सोनाजीला हाक मारली.

साडेदहाला त्यांनी धर्मसिंग, प्रेमदास, विश्वंभरराव, ओमप्रकाश सर आणि दिपाला त्या खोलीत नेलं. बाकीची माणसं दारात आणि खिडकीबाहेर दाटली. सोनाजीला त्यांनी ड्रममधून वाटीभर चुना आणायला सांगितला होता.

"भानामती बघायची ना सगळ्यांना?" मॅडम म्हणाल्या. "बघा."

त्यांनी हात हळदीत घासला आणि कोरड्या भिंतीवर दाबला. पिवळा ठसा उमटला. मग वाटीतला चुना भिंतीवर फासला आणि त्या ओल्या जागेवर हळदीचा हात ठेवला. बघता बघता ठसा लालभडक झाला. गर्दीतून हुंकार उठला.

"हळदीला चुना लागला की कुंकू होतं. हळदीची पेठ असलेल्या हिंगोलीच्या माणसाला हे नवं नाही, पण भीती वाटली की माणूस घरचंच विसरतो. पंजा हळदीच्या हाताचा आहे. कुंकवाची डबी तर उघडलेलीच नाही. आणि तो लाल झाला, म्हणजे भिंत ओली होती. चोरी रात्री झाली नाही. चार ते सहाच्या मधे झाली, दार सताड उघडं असताना. त्या वेळी प्रेमदास नायकांबरोबर बाजारात होता."

प्रेमदासनं खांदे सैल सोडले. धर्मसिंगांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता बोटं बघा. टोकं खिडकीकडे आहेत. बाहेरून चढणारा चौकट धरतो. हा माणूस आत उभा राहून बाहेर वाकला होता. का? कारण माळ घेऊन दारातून निघाला असता तर पावलोपावली वाजली असती. समोर मैदानावर सर आणि पोरं. म्हणून त्यानं ती खिडकीतून खाली सोडली. सोनाजी, ड्रममधे काठी घाल. हात घालू नको, भाजेल."

सोनाजी बाहेर धावला. काठी तळाला गेली आणि चुन्यातून जाडसर, दबलेला आवाज आला. मग काठीला अडकून पांढरीफटक माळ वर आली. दिपाच्या तोंडून हुंदका फुटला. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आता तिला आवरेना.

"कोन हाय तो?" धर्मसिंगांनी विचारलं.

"ज्यानं हळदीत हात घातला तो. पण चोराला हळद कशाला लागते? मलाही हेच कळेना. प्रेमदासला लागली नसती, लहानपणापासून तो या माळेशी खेळलाय. विकण्यासाठी चोरणारा तर सरळ पिशवीत कोंबेल. हळद लावली ती पोळ्याला बैल पुजणाऱ्या कुणबी घरातल्या माणसानं. माळ उचलायच्या आधी त्याला धडकी भरली. घंटेला हळद लावून त्यानं माफी मागितली आणि मग चोरी केली."

कुणी हसलं नाही. विश्वंभरराव दाराकडे सरकले, पण दारात तांडा उभा होता.

"विश्वंभरराव, तुम्ही दुपारीच गेलात म्हणता. दुपारी तलवार मधे होती. ती कोपऱ्यात गेली चारनंतर, आणि लगेच वर कापड पडलं. आज खोलीची किल्ली माझ्याकडे. मग मधोमध घंटा तुम्ही पाहिलीत कधी?"

"सोनाजीनं सांगितलं असंल."

"मी न्हाई सांगितलं, साहेब," सोनाजी खिडकीतून म्हणाला.

"ड्रम तुमचा. आज तो मळ्यात गेला असता, माळेसकट. राहिला रुमाल. सोडा तो. बोटं चेमटली असतील तर मी पाया पडून माफी मागते."

विश्वंभररावांनी रुमाल सोडला नाही. प्रेमदास पुढे झाला आणि त्यानं तो ओढून काढला. बोटं धडधाकट होती. नखांच्या कडा मात्र लालसर तांबूस, साबणानं घासघासून आणखी गडद झालेल्या.

"विकायची नव्हती," विश्वंभरराव खालच्या आवाजात म्हणाले. "देवाशपथ. कार्यक्रम मोडला असता, बस. आमच्या शाळेत तांड्याचा मान पयला, हे सहन झालं न्हाई. दोन दिसांनी गपचूप आणून ठेवनार होतो."

"अहवाल मी लिहिणार," मॅडम म्हणाल्या. "पोलिसांत जायचं का, हे नायकांनी ठरवायचं."

धर्मसिंगांनी मॅडमकडे बघून मान डोलावली. मग ते विश्वंभररावांच्या अगदी जवळ गेले.

"घंटेला हात लावताना भ्यालात. हळद लावलीत. अन् माझ्या पोरींची शाळा मोडताना? तवा काहून भ्या वाटलं न्हाई?"

धर्मसिंगांनी काठी जमिनीवर टेकली.

"पोलीस नको. आमच्याकडं नसाब बसते, तांड्याची पंचायत. तिथं गुन्हेगारानं चारचौघांत आपल्या तोंडानं कबूल करायचं असतं. तुमी आज फाटकात उभं राहा. तिकीट घेनाऱ्या परत्येकाला सांगा, ही माळ मी चोरली व्हती. मग त्यानं आत जावं. मंजूर असंल तर आमच्या पोरी उद्यापासून शाळेत हायेत. न्हाईतर मग पोलीस."

अकरा वाजता फाटक उघडलं. विश्वंभरराव कडक सदऱ्यात उभे होते. बाहेर आजूबाजूच्या गावांतून आलेल्या माणसांची रांग लागली होती. पहिलं तिकीट काढायला पुढे झाली पुनम. विश्वंभररावांची थोरली लेक, दिपाच्याच वर्गातली. घरून नुकतीच आलेली, तिला काहीच माहीत नव्हतं.

तिनं हसून पैसे पुढे केले. "बाबा, तुमी इथं? आत काय काय ठेवलंय हो?"

विश्वंभररावांनी वळून पाहिलं. व्हरांड्यातून धर्मसिंग, प्रेमदास आणि सगळा तांडा त्यांच्याकडे बघत होता.

"पुनम," ते म्हणाले, "आत जायच्या आधी माझं ऐकून घे." आणि त्यांनी लेकीला सांगायला सुरुवात केली.