नवव्या पानावरचा डोंगर

कर्जतला ज्या दुकानात तेजश्रीला जायचं होतं, ते नेमकं बंद निघालं. त्यात भाद्रपदातली सर आली. प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळलेली चित्रं छातीशी धरून ती समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरली. स्वतः भिजली होतीच, कागद तेवढे वाचवायचे होते.

"झेरॉक्स, की लॅमिनेशन?" काउंटरवरच्या तरुणाने विचारलं.

"स्कॅन. रंगीत. पण आधी काच पुसा."

"सकाळीच पुसली आहे."

"परत पुसा. माज्या चित्रात तुमची धूळ नको."

त्याने निमूट फडकं घेतलं, काच लख्ख केली आणि बाजूला सरून म्हणाला, "बघा आता. आरसा म्हणून विकता येईल."

तिने वाकून पाहिलं. काचेत तिचा चेहरा होता, आणि खांद्यामागे त्याचा... ती झटकन सरळ झाली.

त्याचं नाव शौनक. कर्जतच्या जुन्या मास्तरांचा मुलगा. ती तेजश्री, उंबरमाळ वाडीची, ठाकर आदिवासींची पोर. वाडी आता नव्हती. दोन वर्षांमागे आषाढात एका रात्री डोंगर खाली आला आणि वीस घरं मातीत गेली. तेजश्री तेव्हा आश्रमशाळेत होती आणि बाप जैतू रातपाळीला, म्हणून दोघं उरली. आई गेली. उरलेल्यांना सरकारने कुंभिवलीजवळ, हायवेच्या कडेला पत्र्याच्या खोल्या दिल्या. पाऊस लागला की पत्र्यावर असा आवाज होई, की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नसे. तसंही कुणी फार बोलत नव्हतं.

तेजश्री चित्रं काढायची. गणिताच्या वह्यांसाठी तिने आंबे काढले, पेन्सिली काढल्या, पाच बदकं काढली. तीन प्रकाशकांनी चित्रं परत पाठवली. चौथ्या, पुण्याच्या उमाताईंनी मात्र तिला अख्खं पुस्तक दिलं. चुकलेल्या करडाची गोष्ट, पाच वर्षांच्या मुलांसाठी. हे जमलं तर आणखी दोन पुस्तकं मिळणार होती. ती मिळाली, की धूळ उडणाऱ्या त्या खोलीतून बापाला घेऊन कुठेतरी भाड्याने राहता येणार होतं. एवढंच तिला हवं होतं. असं तिला वाटत होतं.

मग ती दर गुरुवारी यायला लागली. शौनकने खिडकीजवळचं स्टूल तिच्यासाठी मोकळं ठेवलं.

"चहा घेणार?"

"सगळ्या गिराइकांना पाजता?"

"नाही. जी रागावतात त्यांनाच."

"मंग तुमचा धंदा बुडनार."

"बुडू दे. नाकाला निळा रंग लागलाय तुमच्या."

"कुठं?"

"राहू दे... बरा दिसतोय."

ती हसली. हसल्यावर दचकली. वाडी गेल्यापासून आपण असं हसलो नव्हतो, हे तिला एकदम कळलं. ती उठली, चहा अर्धा टाकून निघून गेली. पुढच्या गुरुवारी आलीच नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी आली, तर तो एवढंच म्हणाला, "काच पुसून ठेवली आहे."

आश्विनात चित्रं पुरी झाली. तिच्या फोनवरून एवढ्या मोठ्या फायली जात नव्हत्या, म्हणून त्यानेच त्या उमाताईंना पाठवल्या. आठ दिवसांनी छपाईआधीचं पुस्तक त्याच्या कॉम्प्युटरवर तपासायला आलं. दोघं शेजारी बसून पाहू लागली. पहिल्या पानावर करडू, दुसऱ्यावर ओढा... तिसऱ्याला त्याचा हात तिच्या हाताला लागला आणि दोघांनीही तो काढला नाही.

नववं पान आलं. करडू डोंगराकडे बघतं, ते चित्र. तेजश्रीने हात काढून घेतला.

"ठिपके कुटं गेले?"

"कसले?"

"डोंगरावर ठिपके होते. बारीक, तांबडे."

शौनकचा चेहरा उजळला. "ती धूळ ना? तुम्ही बजावलं होतं म्हणून मी एकेक कण काढला. दोन दिवस बसलो होतो. एकसुद्धा ठेवला नाही."

ती पडद्याकडे बघत राहिली. डोंगर हिरवागार, स्वच्छ, मोकळा.

"सत्तावीस व्हते," ती म्हणाली. "आमच्या वाडीतली मानसं हायेत ती. जी काढली नाय... मातीतून."

रस्त्यावरून टेंपो गेला. शौनकने जुनी फाईल शोधून उघडली. मग कोरड्या आवाजात म्हणाला, "मूळ फाईल आहे माझ्याकडे. आत्ता पाठवतो. फोन लावा त्यांना."

उमाताईंनी फोन उचलला. छपाई उद्या होती. "ठिपके?" त्या म्हणाल्या. "अगं, छापताना शाई उडाल्यासारखे दिसतील. लोक पुस्तक परत आणतील. कशाचे आहेत ते?"

हे तेजश्रीने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बापालाही नाही. तिने सांगितलं.

"बाळा," उमाताई हळू आवाजात म्हणाल्या, "पाच वर्षांच्या मुलांचं पुस्तक आहे."

"त्यातली नऊ पोरं पाच वर्साच्या आतलीच हायेत, ताई."

"कळतंय गं मला. पण नाही घेता येणार. डोंगर मोकळाच राहू दे. सुंदर दिसतोय."

तेजश्रीने भिंतीकडे पाहिलं. हो म्हटलं की पुस्तक होतं, पुढची दोन होती, पक्क्या भिंतींची खोली होती. पण तो मोकळा डोंगर उद्या पोरांच्या हातात जाणार होता, आणि त्याच्याखाली तिचं नाव असणार होतं.

"मंग ते चित्र नका घेऊ."

"पान कोरं कसं सोडू? दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावं लागेल. आणि मग, तेजश्री... पुढच्या पुस्तकांचा मला शब्द देता येणार नाही."

"हां, ताई. कळलं."

तिने फोन ठेवला. बाहेर पाऊस नव्हता, तरी तिला पत्रे वाजल्यासारखं वाटत होतं.

"मीच पुसलं," शौनक म्हणाला.

"धूळ नको, असं मीच बोलले व्हते."

"तसं नाही. एका तासाचं काम होतं ते. मी दोन दिवस लावले. तुझ्या चित्राजवळ बसायला मिळत होतं म्हणून..." तो थांबला. पहिल्यांदाच तिला 'तू' म्हणाला होता आणि ते कुठल्या वेळी, ते त्याचं त्यालाच कळत होतं. "तुझ्यावर जीव जडलाय, आणि त्या जिवापायी मी तुझी माणसं पुसली. आता इथे येऊ नकोस म्हटलंस, तरी चालेल."

तिने ताडून बघायला आणलेलं मूळ चित्र काउंटरवरून उचलून गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात त्याने कागदाच्या कडेवर अलगद बोट ठेवलं, ठिपक्यांना न लागेल असं.

"एक विचारू? हा कोण?"

"कोन?"

"हा. सगळ्यात वरचा."

तेजश्रीने त्याच्याकडे पाहिलं. सरकारी माणसांनी आकडा विचारला होता, पेपरवाल्यांनीही आकडाच विचारला होता. तिने कागद परत पसरला.

"चिमा म्हातारी. लय शिव्या घालायची. मोहाची फुलं कुनाला येचू द्यायची नाय."

"आणि हा?"

"भागी. माज्या वर्गातली. पळाली की कुनाला गावायची नाय." ती थांबली. "त्या राती घरी आलेली, झोपेत व्हती."

एक गिऱ्हाईक झेरॉक्सला आलं. शौनकने त्याला हाताने थांबवलं, मग आज जमणार नाही म्हणून सांगितलं. शकू सांगून झाली, शकूचं तान्हं झालं, कोंबड्या पाळणारे दोघे भाऊ झाले. तेजश्री सांगत होती, रडत होती, मधेच एका आठवणीला हसलीसुद्धा आणि या वेळी दचकली नाही. शौनक प्रत्येक नाव ऐकून तेच नाव हळूच म्हणून बघत होता, चुकलं तर ती सुधारत होती.

अकराव्या ठिपक्यावर तिचं बोट अडलं. तिच्या घराचा उंबरा जिथे होता, तिथे काढलेला ठिपका होता तो. त्याने विचारलं नाही.

कुंभिवलीवरून जाणारी खालापूरकडची एसटी लागायची वेळ झाली होती. तिने चित्र गुंडाळलं नाही. तसंच त्याच्यासमोर काउंटरवर ठेवलं आणि पिशवी खांद्याला लावली.

"हिच्यापासनं उद्या सांगते," ती म्हणाली.

"उद्या शुक्रवार आहे."

"म्हाइत हाय रं मला," तेजश्री म्हणाली आणि पायरी उतरली.