स्वयंपाकघराशेजारी एक गरम खोली

वेदांग, हात काढ त्या हाइट्सुंगवरून, त्या हीटरवरून. उकडत असेल तर जॅकेट काढून ठेव. फेब्रुवारीत माझ्या घरात ते बटण कोणी फिरवायचं नाही. मुक्ता, तू हसू नकोस. दोघं बसा, सांगतो का ते. माझ्या मित्राच्या, यशवंताच्या, मुलाच्या बाबतीत घडलेलं आहे, आणि शेवटचा भाग मी स्वतः पाहिलेला आहे.

तारीख दोन फेब्रुवारी, २०२३. गुरुवार. संध्याकाळी सहाला तो मुलगा, यशोधन, गार्चिंगमधून कामावरून निघाला. वाटेत एका दुकानात आईचे पासपोर्ट साइझ फोटो घ्यायचे होते, तेवढंच काम. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला म्युनिकच्या आपल्या कॉन्सुलेटमध्ये आईला न्यायचं होतं. त्याची आई, सरलावहिनी, जानेवारीत मिरजेहून आल्या होत्या. त्यांना त्याने सांगितलं होतं, पेन्शनसाठी हयातीचा दाखला करायचाय. मलाही तेच सांगितलं. साक्षीदार लागतो म्हणाला, आणि रविवारी माझी सही घेऊन गेला.

मी वाचलं नाही. चाळीस वर्षं या देशात काढली, फ्रिजच्या वॉरंटीवरसुद्धा मी वाचल्याशिवाय सही करत नाही. पण यशवंताचा मुलगा, सुट्टीत मिरजेला गेलो की आपल्या मांडीवर खेळलेला, त्याचं काय वाचायचं? असो. माझा राग आधी माझ्यावर आहे, मग त्याच्यावर.

यशोधन राहायचा एका जुन्या शेतघरात. गार्चिंगच्या पलीकडे, एर्डिंगच्या बाजूला सगळी सपाट शेतं आहेत बघा, नजर टाकाल तिथपर्यंत एक टेकडी नाही. तिथे निडरमायर नावाच्या माणसाचं घर. तो स्वतः अंगणापलीकडे नव्या घरात राहतो. जुनं घर भाड्याने. भाडं कमी, कारण एक अट होती. स्वयंपाकघराला लागून असलेली छोटी खोली हिवाळाभर गरम ठेवायची. कोणी राहो न राहो.

कारण बोळात भिंतीवर लटकत होतं. काचेच्या चौकटीत एक जुना करार. इथले शेतकरी म्हातारपणी शेत मुलाच्या नावावर करून देतात आणि स्वतःसाठी काय काय राखलं ते लिहून घेतात. निडरमायरच्या आजीने, क्रेसेंट्सने, लिहून घेतलं होतं: स्वयंपाकघराशेजारी एक गरम खोली. शेगडीजवळ बसायला जागा. रोज एक लिटर दूध. मरेपर्यंत. बस, एवढंच मागितलं होतं बाईने. तिच्या मुलाने दोन हिवाळे दिलं. तिसऱ्या हिवाळ्यात, छप्पन्नच्या फेब्रुवारीत, लाकडं वाचवायची म्हणून खोलीतली शेगडी विझवली, आणि म्हातारीने पुन्हा पेटवू नये म्हणून दाराला बाहेरून कडी घातली. त्या महिन्यात इथे नद्या गोठल्या होत्या. सकाळी दार उघडलं तर बाई भिंतीला टेकून बसलेली. दारावर आतून मारून मारून हाताची सालटी निघालेली.

निडरमायरने हे यशोधनला मान खाली घालून सांगितलं होतं. "तो मुलगा म्हणजे माझा बाप," म्हणाला.

आणि आमच्या चिरंजिवांनी काय करावं? आईला त्याच खोलीत ठेवलं. "किचन जवळ पडेल गं तुला." आणि त्या वर्षी गॅस महागला होता ना, म्हणून रात्री दहाला तिथली हाइट्सुंग बंद. त्या जुन्या, लोखंडी दाराच्या, फरशा लावलेल्या शेगडीचं धुराडं तर कधीच विटांनी बुजवलेलं. वहिनी एकदाच म्हणाल्या, "अरे, पाय बधिर होतात रात्री." हा काय म्हणाला? "आई, अंगात काहीतरी घाल. दोन स्वेटर आणलेत ना?"

आणि त्या गुरुवारी रात्री कॉन्सुलेटच्या कागदांचा फोल्डर तिच्या टेबलावर ठेवला. "सकाळी विसरू नकोस." मग वर जाऊन झोपला.

एक वाजून वीस मिनिटांनी त्याला जाग आली. खाली लोखंडी दार वाजलं. शेगडीचं असतं तसं. उघडलं... मिटलं. मग पावलं. सपाता फरशीवर घासत जातात तशी.

त्याला वाटलं, आईला पाणी हवं असेल. पडून राहिला. उठला नाही, हे लक्षात ठेवा.

मग थंडी आली. त्याच्या खोलीतली हाइट्सुंग पाचवर, म्हणजे पूर्ण, होती. हात लावला तर चटका बसत होता. आणि तोंडातून वाफ निघत होती. खिडकीच्या काचेवर बर्फ धरला होता. आतून.

तो उठला. दाराची मूठ ओढली.

दार उघडेना.

"आई?"

काही नाही.

"आई, दार उघड ना. अडकलंय."

पलीकडे कोणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत होता. म्हाताऱ्या माणसाचा, जड... घरघरता...

त्याने दारावर थाप मारली. मग मूठ. मग दोन्ही मुठी. तीस वर्षांचा माणूस, लहान पोरासारखा आई, आई करत होता. पाय बधिर झाले. बोटं वळेनात.

मग पलीकडून आवाज आला. बाईचा. रागाने थरथरणारा, पण अगदी हळू. इथली, बव्हेरियन बोली. तरी एवढं त्याला समजलं.

"अंगात काहीतरी घाल."

...

त्यांना कॉन्सुलेटला न्यायला मी साडेसातला गाडी घेऊन पोचलो. बाहेर जेमतेम उजाडलेलं, वारा, आडवा पडणारा बर्फ. यशोधन जिन्याच्या पायरीवर बसलेला. पहाटे दार आपोआप उघडलं, म्हणाला. ओठ निळे. दोन्ही हातांची सालटी निघालेली. वरचं दार मी पाहून आलो. त्या दाराला कुलूप नाही, कडी नाही. कधी नव्हतीच.

छोट्या खोलीचं दार उघडलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. वहिनी सुती साडीत बसल्या होत्या, खुर्ची शेगडीजवळ ओढलेली. स्वेटर घडी करून पलंगावर. मी शेगडीच्या फरशीला हात लावला. गरम. बुजवलेल्या धुराड्याची शेगडी, गरम.

"किती दिवसांनी झोप लागली हो, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "घरमालकांच्या कोण त्या आजीबाई? रात्री दूध घेऊन आल्या. धारोष्ण. बोलल्या काहीच नाहीत. माझे पाय चोळून दिले."

त्या शेतावर तीस वर्षांत गाय नाही.

मी टेबलावरचा फोल्डर बघितला. कागद बाहेर काढलेले होते. आणि तेव्हा मी पहिल्यांदा ते वाचले. हयातीचा दाखला कसला! कुलमुखत्यारपत्र होतं. मिरजेचं घर विकायचा पूर्ण अधिकार मुलाला. याला इथे वोनुंग, म्हणजे स्वतःचा फ्लॅट, घ्यायची होती. आईसाठी पुण्याबाहेर वृद्धाश्रमात खाट सांगून झाली होती. तिला न विचारता!

माझं डोकं फिरलं. मी तिथेच उभा राहून एकेक ओळ मोठ्याने वाचली. यशोधन दारात आला होता. "काका, प्लीज," म्हणाला. मी थांबलो नाही. त्याच्यासमोर वाचलं, त्याच्या आईला ऐकू जाईल असं वाचलं. आजही त्याची मला लाज नाही.

वहिनी ऐकत होत्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "त्या घराच्या भिंतींना पाणी मी मारलं होतं, यशोधन. सकाळ-संध्याकाळ, एकवीस दिवस. तू पोटात होतास."

यशोधन दारातून बाजूला झाला.

मग वहिनी माझ्याकडे वळल्या. "माझं तिकीट अलीकडचं करून द्या, भाऊजी."

त्या रविवारी मीच त्यांना विमानात बसवलं. आता मिरजेत असतात, स्वतःच्या घरात. यशोधन दर रविवारी फोन करतो. कधी उचलतात, कधी नाही. मला विचाराल तर न उचलणंच बरोबर.

थांब मुक्ता, संपलं नाही. तो वरचा खण उघड. निळं पाकीट... हां, तेच. दिव्याखाली धर.

हे त्या कागदाचं शेवटचं पान. इथे साक्षीदार म्हणून माझं नाव छापलंय, चंद्रशेखर. खाली माझी सही होती. बॉलपेनची, रविवारी केलेली. आता काय दिसतंय? गोल डाग. ओला पेला ठेवल्यावर उमटतो तसा. डागाच्या आत शाईचा एक ठिपका नाही. बाकी पान जसंच्या तसं. दुधाचा तो पेला आम्ही घरभर शोधला, निडरमायरनेही शोधला. मिळाला नाही.

माझी सही त्या आजीने ठेवली नाही. बरं केलं.

आता नाकाशी ने. घाबरू नकोस, ने.

तीन वर्षं झाली. नासलेल्याचा वास येतो का?

...

नाही ना? ताज्या दुधाचा येतो.