चिमट्यानं भरलेली ओटी

निर्मळवाडीभोवतीच्या तारेवर एकच पाटी होती : ‘सुप्तधारींनी पलीकडेच थांबावे.’ सुप्तधारी म्हणजे कधीकाळी कांजिण्या होऊन बरी झालेली माणसं. फोड सुकतात, खपल्या पडतात. विषाणू मात्र मज्जातंतूंच्या मुळाशी जन्मभर निजून राहतो, आणि उतारवयात नागीण होऊन उठतो. पंचवीस वर्षांपूर्वी वाडीनं या सगळ्यांना नदीपार हाकललं. कांजिण्या संपल्या, लसही बंद झाली.

हाकललेल्यांत यमुनाबाई होती. तिची केतकी तेव्हा अंगावर पीत होती; तिला कांजिण्या झाल्या नव्हत्या म्हणून वाडीनं तिला ठेवून घेतलं. लेकीला पाचवा लागल्याचं कळलं, तशी यमुनाबाई तारेखालून सरपटत आली. ओटी भरताना हलकेच गुणगुणली :

लेकीच्या गं भेटीला, तारेखालून वाट केली
काट्यानं फाटली पाठ, ओटी जपून आणली

बोलता बोलता तिनं कंबर धरली. कमरेवर फोडांचा पट्टा.

“घामोळं गं,” ती म्हणाली. केतकीनं कडुनिंब वाटून स्वतःच्या हातानं लेप लावला.

तिसऱ्या दिवशी सासूला, प्रमिलाबाईंना, सुनेची हिरवी बोटं दिसली. सगळं बाहेर आलं.

“घामोळ्यानं काय होतं हो डॉक्टर?” केतकीनं विचारलं.

“नागीण होती ती,” डॉक्टर नाबर म्हणाले. “फोडांतल्या पाण्यानं तुला कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणी फुप्फुसं सुजली तर जिवावर बेततं. बाळाला क्वचितच, शंभरात एखाद्याला इजा होते; पण होते.”

“मग लस द्या.”

“तिच्यात जिवंत विषाणू असतो, पोटुशीला चालत नाही. दहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडं टोचायची. म्हणजे हा आजार ओळखणारं, दुसऱ्याच्या रक्तातलं संरक्षण. ते फक्त नदीपार आहे.”

“त्या घाणीचं रक्त? माझ्या नातवाला?” प्रमिलाबाई कडाडल्या.

“तुमचं स्वच्छ रक्त इथं कुचकामी आहे, बाई.”

पलीकडच्या अकरा बायांनी तारेतून दंड पुढे केले. अलीकडून दगड येत होते, तरी हात मागे गेले नाहीत.

सातव्या दिवशी इंजेक्शन टोचलं. तरीही विसाव्या दिवशी फोड उठले, मोजून एकोणीस. डॉक्टरांनी लगेच गोळ्या सुरू केल्या. ताप उतरला, छाती साफ राहिली. पुढं सोनोग्राफीत बाळाचे हातपाय सरळ दिसले.

“बरी झाले ना मी?”

“झालीस.”

“मग माझं गाठोडं दारात का ठेवलंय?”

डॉक्टरांनी मान खाली घातली. “तो विषाणू आता तुझ्यातही निजलाय. कदाचित बाळातही. निजलेल्याला शोधणारं यंत्र नाही.”

फाटकाशी प्रमिलाबाई आल्या. रीत चुकू नये म्हणून ओटी आणली होती. खण, तांदूळ, नारळ. एकेक वस्तू चुलीच्या लांब चिमट्यात धरून त्यांनी सुनेच्या पदरात सोडली. पलीकडे यमुनाबाई उघडे हात पसरून उभी होती.

फाटक बंद झालं. प्रमिलाबाईंनी चिमटा नदीत फेकला आणि डॉक्टरांकडे वळल्या.

“हिचं रक्त मात्र वेळेवर मागवा हं. धाकट्या सुनेलाही दिवस गेलेत.”