चेटकिणीचे केस

स्ट्रासबुर्गच्या कातडेवाल्यांच्या गल्लीत, भुरभुर पावसात, तो ओटिलियावर येऊन आदळला. छातीशी धरलेली फळी तिच्या खांद्याला लागली.

"माफ करा... ठसे कोरणारे डीबोल्ट कुठे राहतात?"

"माझ्या बाबांच्याच दारात उभे आहात. सरका."

योर्ग चित्रकार होता, शहरात नवा. फळीवर शाईने काढलेल्या तीन चेटकिणी होत्या, त्यातली एक बोकडावर उलटी बसलेली. ओटिलियाने कपाळाला हात लावला.

"एवढे केस? तेही वाऱ्यावर?"

"चेटकिणीचे केस मोकळेच असतात."

"किती पाहिल्यात तुम्ही?"

"एकही नाही... पण कोरायचं तुमच्या वडिलांना आहे ना?"

"बाबांना आता दिसत नाही. कोरते मी."

छापात रेघ उठावी म्हणून एकेका केसाच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं म्हणजे जीव नकोसा होतो. योर्ग रोज 'काम बघायला' येई, खिडकीशी बसून भुसा फुंकी. तिने मान वर केली, की घाईने बोकडाकडे बघे. दुसऱ्या फळीवर केस वाढले, तिसरीवर आणखी. तिचं मनगट सुजलं.

"मुद्दाम करता की काय?"

"केस कमी असते, तर काम चार दिवसांत संपलं असतं..." तो खाली बघत म्हणाला.

तिला संताप आला. आणि हसू येतंय म्हणून अजूनच संताप आला.

चौथी फळी पाहून मात्र तिचं हसू मावळलं. सगळ्यात पुढच्या चेटकिणीला ओटिलियाचंच बाकदार नाक होतं, हनुवटीवर तिचाच व्रण.

"ही मी आहे."

"छान आलीये ना?"

"योर्ग, हे चित्र खानावळीच्या भिंतीवर लागेल. गेल्या साली गारांनी द्राक्षं झोडपली, तेव्हा लोकांनी चेटकीण म्हणून सुईणीला धरून नेलं. तिचं तर चित्रही नव्हतं."

त्याचा चेहरा उतरला. "मी दुसराच चेहरा काढायला बसतो... हात ऐकत नाही."

तिने सुरी पुढे केली. "मग खरवडा."

छापखानेवाला संध्याकाळी फळीवरचं चित्र पसंत करायला येणार होता. ती बिघडली तर काम गेलं, आणि नवख्याला दुसरं कोण देणार? योर्गला सगळं कळत होतं. तरी त्याने पातं टेकवलं आणि नाक, हनुवटी, सगळं खरवडून काढलं, तेही इतकं वेंधळेपणाने, की स्वतःचा अंगठाही कापून घेतला.

ओटिलियाने झग्याची चिंधी फाडली आणि करकचून बांधली.

"महिनाभर समोर बसून सुरी धरायलाही शिकला नाहीस."

"मी सुरीकडे बघतच नव्हतो, ओटिलिया."

गाठ केव्हाच बसली होती. तिची बोटं मात्र तिथेच रेंगाळली.

"उद्या बाबांशी बोलायला ये," ती शेवटी म्हणाली. "आणि खबरदार, येताना काही काढून आणलंस तर."